पानिपतची जखमी

अलकनंदाच्या हातात जादू आहे, असं नोएडातल्या तिच्या ऑफिसात सगळेच म्हणत. जाहिरातींतल्या पोरींचे फोटो तिच्याकडे यायचे. मुरूम, तीळ, डाग सगळं ती कॉम्प्युटरवर असं पुसायची की त्या पोरीच्या आईलाही पत्ता लागू नये.

हाताला सवयच जडली हो! गणपतीत घरच्यांचा फोटो काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिने सहज जरा साफसूफ केला. त्यात आठवीतल्या लेकीच्या, स्वरूपाच्या, भुवईवरची खूणही गेली.

आता ही खूण साधीसुधी नव्हती बरं का. लहानपणी सगळे पानिपतला काला अंब, म्हणजे लढाईचं स्मारक, बघायला गेले होते, तिथे धावताना स्वरूपा पायरीवर आपटली होती. तेव्हापासून नागपूरचे तात्याराव, म्हणजे अलकनंदाचे वडील, नातीला ‘पानिपतची जखमी’ म्हणायचे. पोरगीही शाळेत ती खूण मिरवायची.

ग्रुपवर मावश्या-आत्या तुटून पडल्या. ‘अगंबाई, केवढी गोड दिसतेय!’ स्वरूपाने फोटो मोठा करून पाहिला. “आई, माझी खूण?” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने केस कपाळावर ओढून घ्यायला सुरुवात केली.

अलकनंदाने ते पाहिलं. लोकांच्या पोरी पुसताना कधी काही वाटलं नव्हतं. मेला हा हात, आपलीच पुसून बसला!

रविवारी ती लॅपटॉप घेऊन लेकीशेजारी बसली. “हा मूळ फोटो. हाच टाकते आता.”

“नको यार आई. सगळ्यांना तोच आवडलाय.”

“मला नाही आवडला. त्यात माझी मुलगीच नाहीये.”

स्वरूपा फोटोकडे बघत राहिली. “ह्यात तुझ्या डोळ्यांखाली काळं आहे. ते पण तूच काढलं होतंस?”

खोटं कसं बोलणार? “हो,” अलकनंदा पुटपुटली.

“मग? टाकशील हा?”

लेकीच्या खुणेसाठी तिला विचारही करावा लागला नव्हता. स्वतःच्या काळ्या वर्तुळांपाशी मात्र बोट अडलं, चांगलंच अडलं. स्वरूपा त्या बोटाकडे टक लावून बघत होती. शेवटी अलकनंदाने डोळे मिटले आणि फोटो पाठवून दिला.

तात्यारावांचं उत्तर लगेच आलं. ‘आली का आमची पानिपतची जखमी! आणि माझी लेकही आली.’

अलकनंदाचे डोळे भरून आले. स्वरूपाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या केसांतली पिन हळूच काढून घेतली आणि आपले कपाळावरचे केस मागे अडकवले.