भिवंडी ते अंबाडी, राहायला जागा शोधत

वज्रेश्वरी-गणेशपुरीला लोक दर्शनाला जातात, गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळ करतात आणि संध्याकाळपर्यंत परत येतात. आम्ही पहिल्यांदा त्या रस्त्याला लागलो ते राहायला जागा शोधायला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि दिवाळीची सुट्टी चालू होती.

मी तेव्हा भिवंडीत प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझे यजमान प्रभाकर (घरात मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथे नाव लिहिलेलं बरं) सरकारी कचेरीत कारकून होते. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणायचो. तेही निवृत्त शिक्षक. घर नानांच्या वडिलांनी बांधलेलं. गल्लीतली बाकीची घरं एकेक करून विकली गेली, त्यांच्या जागी यंत्रमाग आले आणि शेवटी आमच्या दोन्ही भिंतींना लूम लागले. खडखडाटाची सवय होते. बाजूच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना माग थांबले की उलट चुकल्यासारखं व्हायचं. सुताच्या धुळीची मात्र सवय होत नाही. सकाळी पाण्याच्या हंड्यावर तिची साय धरलेली असायची.

आमची मनू पाच वर्षांची होती. तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, औषध मी देत राहीन, पण ह्या हवेत ते किती पुरं पडेल ते सांगता येत नाही. त्यात मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. दोन मुलं ह्या भिंतींच्या मध्ये वाढवायची का, हा प्रश्न रोज जेवताना ताटाशी येऊन बसायचा आणि रोज आम्ही तो तसाच ठेवून उठायचो.

माझ्या मामाचं गाव अंबाडीच्या पुढे, आत. तो कधीपासून म्हणत होता, ये, घराला जागा देतो. शेवटी आम्ही निघालो. दाराशी बाजूच्या लूमवरचा एक कामगार ड्युटी संपवून विडी ओढत बसला होता. उत्तर प्रदेशातला, आमच्या ओळखीचा. कुठे निघालात विचारलं. मी म्हटलं, मुलीसाठी चांगली हवा बघायला. तो म्हणाला, "हवा तो हमारे गाँव में भी बहुत है, भाभी. हम यहाँ हैं."

वाडा रस्त्यावरची एसटी भिवंडीच्या स्टँडवरून सुटायची, अजूनही सुटते. रस्ता तेव्हा अरुंद होता, ट्रक आता आहेत त्याच्या मानाने काहीच नव्हते, तरी हाडं खिळखिळी व्हायची. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतरच जा. भात कापायला आलेलं असतं, दोन्ही बाजूंना पिवळं शेत आणि मागे निळा डोंगर. आज वाचणाऱ्यांना छान वाटेल असं हे वर्णन आहे. मला त्या दिवशी मळमळत होतं आणि मनू मांडीवर खोकत होती. मी डोंगर फारसा पाहिला नाही.

अंबाडी नाक्यावर उतरून बटाटेवडे खाल्ले. नाका म्हणजे धूळ, चार टपऱ्या, खताची दुकानं आणि वाट बघणारी माणसं. तिथून मामाच्या ओळखीच्या टेम्पोने निम्म्या वाटेपर्यंत गेलो. पुढे पायवाट होती. मधे एक ओढा होता, तेव्हा घोट्याएवढं पाणी. प्रभाकरांनी मनूला खांद्यावर घेतलं.

मामा बांधावर उभाच होता. पाणी पिऊ दिलं आणि लगेच जागा दाखवायला घेऊन गेला. आंब्याच्या झाडाशेजारी त्याने दगड मांडून खोल्या आखल्या होत्या. ही पडवी, ही चूल, हितं पोरीला अभ्यासाला खिडकी. प्रभाकर दगडांच्या आत जाऊन उभे राहिले. इतका मोकळा झालेला त्यांचा चेहरा मी लग्नानंतर क्वचितच पाहिला होता.

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेला सुका बोंबील. वाढत होती मामाची सून, कमळ. माझ्यापेक्षा बरीच लहान, फार बोलत नव्हती. जेवल्यावर मनू ओट्यावर घोंगडीत झोपली. मी सवयीने तिच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती. पुन्हा लावला. प्रभाकर म्हणाले, "झालं तर. आता आणखी काय बघायचंय?" मलाही तेव्हा वाटलं, काही नाही.

संध्याकाळी मामीबरोबर विहिरीवर गेले. मामीने मला लहानपणी न्हाऊ घातलेलं, माझी आई गेल्यावर माहेर म्हणून तीच उरली होती. मी यावं असं सगळ्यांत जास्त तिलाच वाटत असणार. तिने हंडा भरला, बाजूला ठेवला आणि मला किती महिने झाले ते विचारलं. चौथा, मी म्हटलं. मग तिने कमळचं सांगितलं. आदल्या पावसाळ्यात कमळला कळा सुरू झाल्या आणि ओढा भरला. सकाळी आम्ही चपला हातात घेऊन ओलांडला तोच. पाणी उतरेपर्यंत थांबले, मग तिला डोलीत घालून चिखलातून टेम्पोपर्यंत नेलं. अंबाडीला पोहोचेपर्यंत मूल गेलं होतं. कमळ वाचली.

"मामाला सांगू नको मी बोलले," मामी म्हणाली. "त्याला तू हवी हाय. मलापन हवी हाय, बाय. पन तू हितं राहू न्हाय."

मी हंडा उचलायला वाकले तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मामाने डोळे पुसत निरोप दिला, तांदळाची पिशवी दिली. दगड तसेच राहू देतो म्हणाला. गणेशपुरीच्या एसटीत बसल्यावर मी प्रभाकरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की बाळंतपण पावसाळ्याच्या आत होईल, शिवाय तू आधीच भिवंडीला येऊन राहशील. मी विचारलं, आणि मनूचा श्वास पावसाळ्यात मध्येच अडला तर? पाच वर्षांच्या मुलीला आधीच कळणार आहे का? ते रागावले नाहीत. नुसतेच थकले. मीही थकले होते. भांडायला जी ताकद लागते ती आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

गणेशपुरी सुंदर आहे, अजूनही. तानसा नदी, झाडी, कुंडांतून निघणारी वाफ, आश्रमात आलेले परदेशी पाहुणे, त्यांच्यासाठी फुलं आणि नारळ विकणाऱ्या बायका. मनूने कुंडाच्या पायरीवर पाय बुडवले आणि आपल्याला इथेच घर हवं म्हणून सांगून टाकलं. आम्ही दोन खोल्या पाहिल्या. स्वच्छ, हवेशीर, मागे भाताचं शेत. मालकीणबाई बोलायला गोड होत्या. त्यांनी आधीच स्पष्ट केलं की उत्सवाच्या दिवसांत खोल्या भक्तांसाठी लागतात, तेवढे दिवस तुम्ही आपली सोय बघायची. प्रभाकरांनी विचारलं, दरवर्षी? बाई म्हणाल्या, "इथे कोणी कायमचं राहायला येत नाही हो."

परत अंबाडीला आलो तर भिवंडीची गाडी चुकलेली. पुढची कधी ते कोणी नक्की सांगेना. ऊन होतं, मनू पेंगत होती, मी पिशवीवर बसले. प्रभाकर पाय मोकळे करायला म्हणून गेले आणि खूप वेळ आलेच नाहीत. आले ते हातात चहाचे ग्लास घेऊन. म्हणाले, नाक्याच्या मागे एक डॉक्टर आहे, बाळंतपणं करतो. शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे. शाळेच्या पलीकडे एकजण चाळ बांधतोय, भिंती अर्ध्या झाल्यात. रस्त्यावर रात्रंदिवस काही ना काही वाहन असतं.

मी सभोवती पाहिलं. टपरीमागे कचरा जळत होता. खताच्या गोण्या उतरवणारे हमाल एकमेकांवर ओरडत होते. ह्या गावात राहावं असं कोणाच्या स्वप्नात आलं नसतं. मी विचारलं, "तुमची नोकरी?" ते म्हणाले, जाईन येईन. मी म्हटलं, रोज? ते म्हणाले, "रोज." आणि चहा प्यायले. घर त्या क्षणी ठरलं.

घरी पोहोचलो तेव्हा नाना ओसरीवर वाट बघत होते. दोन्हीकडे माग चालू होते, त्यामुळे सगळं मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला म्हणाले, "तुम्ही जा. मी इथेच राहीन. मला सारखं विचारू नका. विचारलंत तर एखाद्या दिवशी मी हो म्हणेन, आणि तिकडे माझा जीव रमायचा नाही."

चाळीला छप्पर चढलं आणि मुलगा पोटात असतानाच आम्ही अंबाडीला गेलो. माझी बदली व्हायला पुढची दोन वर्षं गेली, तोवर रजा आणि एसटी. नव्वदचं दशक आमचं त्या रस्त्यावरच सरलं. प्रभाकर पहाटेच्या गाडीने दोन डबे घेऊन निघायचे, एक स्वतःचा, एक नानांचा. नानांचा डबा भिवंडीच्या घरी ठेवून कचेरीत. नाना असेपर्यंत हे चाललं. प्रभाकरांची पाठ त्यात कायमची गेली. मनूची शिट्टी कमी झाली, बंद नाही झाली. थंडीत दोन-तीन वेळा डॉक्टरकडे धावावं लागायचं, आणि धावत जाता यायचं.

मामाने ते दगड कधी उचलले मला माहीत नाही. आम्ही अंबाडी निवडली ह्याचं त्याला वाईट वाटलं, पण बाजारच्या दिवशी तो आणि मामी आमच्या पडवीत टेकायचे. एका जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मामी कमळला घेऊन आली. कपड्यांची पिशवी, तांदूळ, सुकट. तिला सातवा होता. काही विचारलं नाही, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "ही आता हितंच राहील."

दोन खोल्यांत आम्ही चौघं आणि कमळ. पाय टाकायला जागा नव्हती. ऑगस्टमध्ये एका मुसळधार दुपारी तिला मुलगी झाली, नाक्यामागच्या डॉक्टरकडे. ओढा भरला होता, त्यामुळे मामा-मामीला तीन दिवसांनी कळलं. तोवर बाळ माझ्याकडेच होतं. मी शाळेतून येऊन बाळाचे कपडे धूत होते, माझा मुलगा पदराला लोंबकळत होता, प्रभाकर पाठ धरून आडवे पडले होते आणि कमळ भिंतीला टेकून पहिल्यांदाच माझ्याशी भरभरून बोलत होती. काय बोलत होती ते मला आठवत नाही. मी बसल्या बसल्या झोपले होते.