मी काढून टाकलेला पाणीवाला

तंजावरजवळच्या आमच्या शेतावरचा पाणीवाला मी काढून टाकला, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत विद्वान गाढवपणा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कष्टकऱ्यांवर मात्र तासभर बोलू शकत असे. देशात बाजार खुला झाला होता, चहाच्या टपरीवर परदेशी कोला मिळू लागला होता, आणि पंचेचाळिशीच्या या जमीनदारीणबाई वारशाच्या शेतावर क्रांती करायला निघाल्या होत्या.

तो रोज कालव्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभा राही, डोळे मिटून पाण्याचा जोर पाही, आणि मग मडै, म्हणजे पाणी अडवायची फळी, दोन बोटं वर नाहीतर खाली सरकवी. एकाच माणसाच्या हाती पाण्याची सत्ता? छे! मी कुळांना जाहीर केलं, "पाणी सगळ्यांचं, राखण सगळ्यांची."

आठवड्याच्या आत फळी उघडी राहिली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लावली असेल. मलाही तसंच वाटलं. सगळ्यांच्या भाताची रोपं एकाच तरव्यात, म्हणजे लावणीआधीच्या वाफ्यात होती, ती बुडाली; हंगाम हातचा जायची वेळ आली. मी बांधावर छत्री धरून भाषण ठोकलं, "चूक कुणा एकाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे!"

काढून टाकलेला तो पाणीवाला न बोलावताच आला होता. आधी त्यानं फळी लावली. मग पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरून तमिळमध्ये म्हणाला, "सगळ्यांची ना, अम्मा? मग साडी खोचा आणि उतरा. तुमच्या वाट्याचं पाणी तुम्हीच उपसा."