बाटलीतली तहान

घरासमोर लॅब आली की किस्से साठतातच. कुणाच्या खिडकीसमोर देऊळ असतं, कुणाच्या मैदान. नवीन पनवेलच्या आमच्या गल्लीत, माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या अगदी समोर, फणस-चिकूची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणारी लॅब आहे. मृणाल ती सांभाळते. मुलगी गोड, पण सदा धास्तावलेली. तिची धास्ती मलाही कशी लागली, ते सांगते.

*

लॅब नवीन होती तेव्हा मी शेजारधर्म म्हणून घरचं दही घेऊन गेले. मृणाल अशी मागे सरली, जणू मी वाटीत विंचू आणला होता.

"काकू, तिथेच थांबा. दही नको, इडलीचं पीठ नको, आणि प्लीज, आत बोलू नका."

बुरशीचा एक कण बाटलीत गेला तरी रोप संपतं म्हणे. घरी येऊन मी कोपरापर्यंत हात धुतले. आमच्या ह्यांनी विचारलं, "कुणाचं सुतक आलंय का?"

*

काचेबाहेरून बघायला मात्र परवानगी मिळाली. एका रॅकवर फणसाची रोपं माना टाकून उभी होती. मी म्हटलं, अगं, पाणी घाल ना! तर म्हणाली, मुद्दामच तहानलेली ठेवलीत. खालच्या जेलीत पाणी आहे, पण त्यात असं काही मिसळलंय की मुळांना ते ओढून घेता येत नाही. या दुष्काळात जी टिकतील, ती उद्या डोंगरावर टिकतील.

त्या दिवशी घोटभर पाणी प्यायले तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मृणालची आई नेऱ्याहून आली होती. तिचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. तिला हे झटकन कळलं. "आमी मिठागरात अशेच उभे रायचो. गुडघाभर पानी, नि घशाला कोरड."

*

मृणाल एवढी का घाबरते, ते पुढे कळलं. तो रॅक तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या फणसाचा. आधी अण्णा गेले, मग रस्ता रुंद करताना झाड गेलं. फणसाची आठळी वाळली की उगवत नाही, म्हणून शेवटच्या फणसाच्या आठळ्या तिने ओल्याच बाटल्यांत रुजवल्या. त्या झाडाचं आता एवढंच उरलंय. लॅबच्या सरांनी सांगून ठेवलंय, तहान सोसली तर पुढे त्यांची आणखी रोपं करू, नाहीतर रॅक चिकूला द्यायचा.

"काकू, मीच मारतेय का त्यांना?"

मी तिला चहा दिला. लॅबबाहेर, अर्थात.

*

एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. बाटल्यांच्या खोलीचं दार उघडावं तर बुरशी, न उघडावं तर उकाडा. मृणाल बंद दाराला तळहात लावून बसली, पोराचा ताप बघावा तशी. मी शेजारी बसून दारावर पुठ्ठ्याने वारा घालत होते. दाराला कसला वारा, ते विचारू नका. लाइट आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

*

सर्वपित्रीला मृणालची आई परत आली, तांब्या घेऊन. मृणाल बाहेर फोनवर होती. माझ्या खिडकीतून दिसलं, आई आत शिरलेली, अण्णांच्या रॅकसमोर. एका हातात बाटली, दुसऱ्यात तांब्या.

वरण गॅसवर तसंच टाकून धावले. माझ्या मागोमाग मृणाल. उंबऱ्यावर दोघी थिजलो. तिथे ओरडायचीही सोय नव्हती.

मृणाल कुजबुजली, "आई, घालू नकोस. पाण्यानेच मरेल तो."

आई वळली. टोपण जागेवर होतं, त्यावरची चिकटपट्टीही.

"घालत नाय गं. नुसतं दाखवते. पानी दिसलं तरी जीव थांबतो."

मृणालने बाटली जागेवर ठेवली आणि आईला बाहेर आणलं. संध्याकाळी आई नेऱ्याला निघून गेली.

सकाळी भांडी घासताना माझी नजर समोर गेली. बाटल्यांच्या खोलीच्या काचेला बाहेरून टेकवलेलं एक स्टूल, त्यावर स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला.

सोमवारी सर रॅक बघायला येणार आहेत. पेला अजून तिथेच आहे. पाणी रोज ताजं असतं.