पडद्यामागची खटखट

माझ्या थोरल्या बहिणीला ऑफिसात सगळे खटखटबाई म्हणायचे. पंपांचे सुटे भाग घाऊक विकणारी कंपनी, आणि फोनवर ऑर्डर घेणं हे ताईचं काम. रिसीव्हर मान आणि खांद्यात अडकवलेला, नजर खिडकीबाहेरच्या पार्किंगवर आणि बोटं कीबोर्डवर. समोरच्या काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं भराभर उमटायची, पण ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही. घरी भाजी निवडतानासुद्धा तिची मान एका बाजूला कललेली असायची.

भावोजी गेले तेव्हा सगळ्यांनी तिला नोकरी सोडायचा सल्ला दिला. सल्ल्याला कुठे खर्च येतो? ताई म्हणाली, "घरी बसून काय भिंतींशी बोलू? तिकडे माझी खुर्ची आहे." नोकरी नाही म्हणायची, खुर्ची म्हणायची.

तिला एक खोड होती. ऑर्डर संपली की ती मागे जायचं बटण दाबत राहायची, स्क्रीन पूर्ण काळी होईपर्यंत, आणि मग नव्याने आत शिरायची. पूर्वी कधीतरी आधीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता स्क्रीनवर तसाच राहिला, माल भलतीकडे गेला आणि जुन्या साहेबांनी तिला चारचौघांत झापलं. तो दोष पुढे दुरुस्त झाला. ताईची धास्ती काही दुरुस्त झाली नाही.

मग नवा मॅनेजर आला. त्याला हिरव्या अक्षरांची लाज वाटायची. पाहुणे आले की म्हणे तो स्क्रीनच्या आडवा उभा राहायचा. पण जुना कॉम्प्युटर काढून टाकायची कुणाची छाती नव्हती, सगळा धंदा त्याच्या पोटात. तेव्हा असं ठरलं की आतलं यंत्र तेच ठेवायचं आणि वरून नुसता चित्रांचा पडदा चढवायचा. चित्रावर क्लिक केलं की तो पडदाच आत जुनी बटणं दाबणार. कुठली, कोणत्या क्रमाने? ताई दाबते तीच.

"ताई, तुम्ही रोजच्यासारखं काम करा, आम्ही ते नोंदवून घेतो," मॅनेजर म्हणाला. "नव्या स्क्रीनवर पहिला मान तुमचाच."

मला तेव्हाच वास आला होता, पण ताईसमोर बोलायची सोय नव्हती. ती नीट केस विंचरून, कीबोर्ड पुसून पडदा बनवणाऱ्या प्रोग्रामरशेजारी बसली आणि एकूण एक बटण त्याला देऊन आली. घरी येऊन म्हणाली, "माझीच पद्धत घेतायत गं." काय तो आनंद!

नवा पडदा आला. पंपांची, झडपांची रंगीत चित्रं, आणि हातात माउस. कीबोर्डवर कधी न चुकणारा तिचा हात माउसवर भरकटायचा. झडपेवर जायचं तर बाण पंपावर. फोनवरचं गिऱ्हाईक ओरडतंय, मॅनेजर मागे उभा. सरावासाठी ती घरी जेवणाच्या टेबलावर साबणाची डबी सरकवत बसायची. मला हसू यायचं, आणि मग हसल्याचा राग यायचा.

शेवटी तिला गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवायला पाठवलं. "बदली झाली," तिने मला सांगितलं. मी मॅनेजरला जाऊन चार शब्द सुनावणार होते, तर म्हणाली, "तुला माझी शपथ."

तिच्या खुर्चीवर आलेली मुलगी माउसवर चपळ होती. तिची एकच तक्रार, प्रत्येक ऑर्डरनंतर स्क्रीन क्षणभर काळी होते. प्रोग्रामरने जुन्या मशीनवर खापर फोडलं आणि तो मोकळा झाला. एकदा पाणी भरायला तिकडे गेलेल्या ताईने मात्र पाहताक्षणी ओळखलं. त्या संध्याकाळी तोंडावर हात ठेवून हसत मला म्हणाली, "ती मी आहे गं. माझी खोड उतरली त्यात!"

"मग सांग ना जाऊन!" मी चिडले. "घाल त्यांच्या डोळ्यांत अंजन!"

"सांगितलं की काढतील."

तेव्हापासून चहाच्या सुट्टीत ती पाणी भरायच्या निमित्ताने पुढच्या हॉलमध्ये जायची. बाटली भरलेली असली तरी जायची. मुलीच्या मागे उभी राहून स्क्रीन एकदा काळी झालेली पाहायची आणि परत लेबलांकडे. इतकी गुणी बाई, आणि तिच्या वाट्याला हे सुख!

परवा ती घरी आली आणि पायातल्या चपलाही न काढता टेबलाशी बसली. साबणाची डबी अजून तिथेच होती. मी पाणी दिलं, तिने हात लावला नाही.

"आज काळी झालीच नाही," ती म्हणाली. "प्रोग्रामरला सापडलं. एक जादा बटण होतं म्हणे, कुणाच्या तरी चुकीने राहिलेलं. ती पोरगी टाळ्या वाजवत होती."

खुर्ची गेली त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तिचा चेहरा माझ्यासमोर वेडावाकडा होत गेला.

"आज मला काढलं गं," ताई म्हणाली.