तेलाचा डाग आणि तिसरा प्रश्न

थोरलीकडे डाग पडलेला कपडा घेऊन गेलं की आधी तीन प्रश्नांना तोंड द्यावं लागे. डाग कशाचा? कधी पडला? आणि त्यावर घरी काय केलंत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक सरळ देत. तिसऱ्याला हटकून खोटं बोलत. "काही नाही हो, तसाच आणला," म्हणणाऱ्याने त्यावर साबण चोळलेला असे, नखाने खरवडलेलं असे, वर बायकोशी भांडणही उरकलेलं असे. थोरली कपडा नाकाशी नेई, उजेडात तिरपा धरी आणि म्हणे, "लिंबू लावलंत. तेलाला लिंबू? जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

घराच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली म्हणजे तिचं दुकान. एक लांब टेबल, एक जड इस्त्री, दोरीवर टांगलेले कपडे आणि एक फळी. फळीवर महागडी बाटली एकही नाही. अंगाला लावायची पावडर, खडू, मीठ, खायचा सोडा, भांडी घासायचा पातळ साबण, टीपकागद आणि झिजलेले टूथब्रश. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात सापडणार नाही असं तिथे काही नव्हतंच. लोकांना त्याचंच नवल वाटे. बायका विचारून विचारून घरी तसंच करून बघत आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून परत येत.

कारण सगळी गोम घाईत होती. तेलाच्या डागावर पावडर भुरभुरायची, वर टीपकागद, त्यावर जड पुस्तक. मग आठ तास त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. पावडर झटकली की साबणाचा एक थेंब, बोटाने, कडेकडून मध्याकडे. मधून बाहेर चोळणारा माणूस डागाला घर बांधून देतो. मग धुवायचं, सावलीत वाळवायचं. आणि इथेच भलेभले फसतात. ओल्या कपड्यावर तेल दिसत नाही. डाग गेला म्हणून माणूस खूश होतो आणि कपडा वाळला की डाग परत हजर. म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय, उजेडात तिरपं धरून पाहिल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. एकदा इस्त्री फिरली की तेल धाग्यात भाजून बसतं, मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते निघायचं नाही.

हा नियम थोरली प्रत्येकाला सांगे. जरा जास्तच तळमळीने सांगे. ऐकणाऱ्याला वाटे, बाई कामाची पक्की आहे. पक्की होतीच. पण एवढ्या तळमळीचं कारण वेगळं होतं. हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला होता, आणि त्याचं खापर दुसरीच्या डोक्यावर फोडलं होतं.

दुसरी म्हणजे तिची धाकटी जाऊ.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटीचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. सासरे एका कचेरीत कारकून, त्यांचा निवृत्तीचा समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांच्याकडे एकच लोकरीचा कोट. तो घालून पाहताना ते नुकतंच तेल दिलेल्या शिलाई मशीनवरून आरशात बघायला वाकले आणि खिशाच्या वर, छातीवर, रुपयाएवढा डाग पडला. घरात डागांची डॉक्टर एकच. थोरलीने पावडर टाकली आणि आठ तासांऐवजी तासाभराने झटकली, कारण तिला माहेरी एक फेरी मारून रात्री परतायचं होतं आणि गाडी गाठायची होती. मग धाकटीला म्हणाली, "अगं, जरा कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसून घे." धाकटीने पुसलं. थोरलीने ओलसर कोट उचलला, डाग दिसला नाही, आणि वर फडकं टाकून इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला होता. पिवळट, काळपट, मध्ये पावडरचा लगदा भाजून चिकटलेला.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या, मागे धाकटा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा. "हे काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "हिने गरम पाणी ओतलं वाटतं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पुढे किती वर्षं ती त्या 'वाटतं'च्या आडोशाला बसली होती. आपण 'ओतलं' असं म्हटलं नव्हतं, 'ओतलं वाटतं' असं म्हटलं होतं. मनाला असला हिशेब पटवायला फार अक्कल लागत नाही.

सासऱ्यांनी कोट तसाच घातला. समारंभातल्या एकूण एक फोटोत ते फुलांचा गुच्छ छातीशी आवळून उभे आहेत, गुच्छ कोणी काढून घेईल अशा भीतीने. घरी येऊन चकार शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं, असं थोरलीला तेव्हाही वाटलं होतं. आता ते नव्हते, म्हणजे त्यांच्यापाशी कबुली द्यायची वाटही बंद झाली होती.

आणि धाकटीचं नाव पडलं 'गरमपाणी'. ठेवलं तिच्याच नवऱ्याने, थट्टेत. घरभर झालं, मग गल्लीभर. चहा उतू गेला, गरमपाणी. कपबशी फुटली, गरमपाणी. पाहुणे आले की कोटाची गोष्ट निघे, आणि ती सांगायचा मान थोरलीचा. ती सांगायचीही झकास. सासऱ्यांचा गुच्छ, सासूबाईंचा चेहरा, सगळी नक्कल करून. लोक पोट धरधरून हसत, धाकटीही हसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाताना माणूस आणखी काय करणार? त्या घरात तिच्या हातात कोणी चांगला कपडा दिला नाही. तिने स्वतःही मागितला नाही.

हे असंच पुढे चाललं असतं. पण थोरलीचं मनगट गेलं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, इस्त्री बंद. त्याच सुमारास धाकटा कामाला होता तो कारखाना बंद पडला. धाकटीने दूरच्या गोदामात खोकी भरायचं काम पाहून ठेवलं, पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर यायचं. एका संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. त्या म्हणाल्या, खोली भाड्याने देऊन टाकू, एक मोबाइलवाला मागतोय.

थोरली म्हणाली, "धाकटीला द्या ना दुकान. मी शेजारी बसून शिकवते."

"कोणाला? गरमपाणीला?" सासूबाई हसल्या. "अगं, गिऱ्हाईक काठी घेऊन येईल!"

धाकटा तर मांडीवर थाप मारून हसला. आणि धाकटी, जिच्या भल्याची ही गोष्ट होती, ती म्हणाली, "नको ताई. लोकांचे कपडे असतात. माझ्या हाताला ते नाही. बाबांचा कोट आठवतो ना?" ती हे मनापासून बोलत होती. त्यात कुठे कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता.

पुढचे चार दिवस तिने स्वतःशी पुष्कळ वाद घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन सांगे. मूठ उघडली तर एकोणीस वर्षांचा मान जाईल, गल्ली काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील? दुसरं मन काही सांगत नसे. ते फक्त गोदामात जायला पहाटेच्या अंधारात डबा भरणारी धाकटी डोळ्यांपुढे उभी करी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. 'पाणी तापलं का?' एवढं कोणी विचारलं तरी थोरली दचकायला लागली होती.

पाचव्या दिवशी दुपारी तिने धाकटीला दुकानात बोलावलं. दार लोटलं. म्हणाली, "त्या कोटावर तू गरम पाणी नव्हतं ओतलंस. मी ओल्या डागावर इस्त्री फिरवली. मला गाडी गाठायची होती. नाव तुझं घेतलं."

धाकटी हसली. "ताई, उगाच माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला दुकान मिळावं म्हणून म्हणताय. मला चांगलं आठवतंय ना. पातेलं उचललं तेव्हा वाफ तोंडावर आली होती माझ्या."

मारहाण झाली असती तर थोरलीने सोसली असती, पण हे अंगावर आलं तेव्हा ती खुर्चीत बसली. तिने ती गोष्ट इतकी रंगवून, इतक्यांदा सांगितली होती की ती वाफ या बाईच्या डोळ्यांसमोर खरी झाली होती. न केलेला गुन्हा तिला आठवत होता. आणि वाफेचा तो तपशील, पातेल्यासकट, थोरलीनेच एका पाहुण्यासमोर लोकांना हसवायला घातलेला होता.

"वाफ मी घातली गं," ती म्हणाली. "गोष्टीत. तुझ्या हातात पातेलंच नव्हतं. वाटीत पाणी होतं, त्यात मी स्वतः बोट बुडवून बघितलं होतं."

"पण मग तो डाग..."

"ऐक. लोकर गरम पाण्यात पडली तर आटते. आखडते. बाबांना कोट दुसऱ्या दिवशी झकास बसला होता. फोटोत बघ, गुच्छाखालची बटणं सरळ लागलेली आहेत. गरम पाणी ओतलं असतं तर छाती आखडून बटणं लागलीच नसती. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, त्याच दिवशी. मी डागांचंच काम करते ना?"

धाकटीने टेबलावरचा टूथब्रश उचलला, पुन्हा ठेवला. रस्त्यावरून कोणीतरी 'काकू आहेत का?' म्हणून हाक मारली. दोघींपैकी कोणीच ओ दिली नाही.

"माझी मुलगी चौथीत होती," धाकटी म्हणाली. "शाळेच्या स्नेहसंमेलनाचा झगा होता तिचा. मी हात लावायला गेले तर म्हणाली, आई तू नको, काकूकडे दे. आणि मी दिला. मला वाटलं, शहाणी आहे पोर."

थोरलीला तो झगा आठवत होता. तिने तो बर्फासारखा करून दिला होता आणि कौतुकही करून घेतलं होतं. "मला माफ कर," ती म्हणाली. म्हणताना तिलाच ते फार स्वस्त वाटलं.

"ते नंतर बघू," धाकटी म्हणाली. "आधी सगळ्यांसमोर सांगा. आज जेवताना. आणि ताई, हसत सांगू नका."

जेवायला सगळे बसले. थोरलीने ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "बाबांच्या त्या कोटाची गोष्ट..." तेवढ्यानेच सासूबाईंच्या तोंडावर हसू फुटलं. धाकटा म्हणाला, "हां, येऊ द्या वहिनी!" आणि थोरलीच्या लक्षात आलं की तिचेही ओठ फाकले आहेत. सवयच ती. त्या पहिल्या चार शब्दांनंतर नेहमी हसू यायचं. तिने पाण्याचा घोट घेतला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओठ तसेच. तिसऱ्यांदा तिने खाली ताटाकडे बघत सांगितलं. इस्त्री मी फिरवली. गरम पाणी नव्हतंच. मी खोटं बोलले, आणि एकोणीस वर्षं तेच खोटं तुम्हाला हसवायला सांगत आले.

धाकट्याला अजून वाटत होतं की पुढे गंमत आहे. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. वळला तो बायकोकडेच. "मग तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले होते," धाकटी म्हणाली. "तेव्हा खरं आठवत होतं मला. दोनदा बोलले. दुसऱ्यांदा तर तुम्ही इतके हसलात की पाणी तुमच्या नाकात गेलं."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे आता. झालं गेलं, एका कोटाचं ते काय!"

"आई, दुकान मी घेते," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगा." मग ती थोरलीकडे वळली. "तुम्ही शिकवा मला सगळं. कामाचं बोलेन मी तुमच्याशी. बाकीचं सध्या नाही."

"बरं," थोरली म्हणाली. सकाळी आठला दुकान उघडायचं असतं, हे तिने सांगितलं.