अजून थोडं

कारखाना कसला, दोन खिडक्यांची खोली. दुपारी ऊन आत सरकलं की लाकडाची धूळ त्यात तरंगत राही, आणि गिटारवाल्याची बायको तिच्याकडे बघत स्वप्नात असल्यासारखी बसे. गिटार बनवणारा नवरा, पण तिच्याशिवाय त्याचं पान हलत नसे. तो देवदाराची पातळ फळी दोन पट्ट्यांवर आडवी ठेवी, मधोमध वजन ठेवी आणि ती किती वाकते ते काट्यावर बघे. मग फळी तिच्याकडे येई. ती दोन बोटांत कडेला धरून कानाशी नेई, पेराने टकटक करी आणि फर्मान काढी, "अजून थोडं." तो रंधा मारी, फळी पातळ होई, आवाज जरा खाली उतरे. कधीतरी लाकूड लांबवर गुंजत राही, तेव्हा ती म्हणे, "बास." वाजवणारे तिला कानकाकू म्हणत. काटा चुकेल, कानकाकू चुकणार नाहीत, अशी ख्याती.

पण आता कानकाकूंचा कानच दगा देत होता. आधी त्या गुंजण्याचं शेपूट गेलं, मग किटलीची शिटी गेली, पाखरं गेली. जग कापसात गुंडाळल्यासारखं मऊ झालं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला फार वाईटही वाटत नव्हतं. बसल्या बसल्या जुन्या गिटारी मनात आपोआप वाजू लागत. भीती एकच होती. कान गेल्याचं कळलं, तर या खोलीत आपलं काम काय? म्हणून तिने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. फळी आली की डोळे मिटायचे, टकटक करायची आणि ठोकून द्यायचं, "अजून थोडं."

त्यातच एका गिटारचं पोट तारांच्या ताणाने फुगून आलं. फळी फारच पातळ झाली होती. "लाकूडच कच्चं निघालं," म्हणून नवऱ्याने विषय संपवला. तिला मात्र पक्कं ठाऊक होतं, एक "अजून थोडं" आपलंच जास्त झालं. काढलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही.

आजची फळी मोठी देखणी होती. तिने टकटक केली. काहीच नाही. "अजून थोडं," सवयीने निघून गेलं. उन्हात त्याचे खांदे मागेपुढे होत राहिले आणि ती गुंगीत बघत राहिली. पुन्हा फळी आली, पुन्हा तेच. मग एकदम तिच्या लक्षात आलं, बाकाखाली लाकडाचं एकही सालपट पडलेलं नव्हतं.

तिने उठून रंधा उलटा केला. पातं पार आत ओढलेलं.

"अहो, हे काय?"

तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"कधीपासून?"

"ते पोट फुगलं तेव्हापासून," तो म्हणाला. ते तिला ओठांवरून कळलं.

"मग फळी कुठे थांबवायची, ते कोण ठरवतं?"

त्याने काट्याकडे बोट दाखवलं.

ती भडकलीच. "म्हणजे इतके दिवस मी इथे उगाच टकटक करतेय? कोणासाठी?"

तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला की! ऐकू येत नाही मला!"

पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून निघालं.

"माझ्यासाठी गं!" तो असा ओरडला, की समोरचा शिंपी मशीन थांबवून खिडकीत आला.