चटणीवरचं नाव

"ती पिशवी बाहेर ठेवा. इथे माणसं बसलीत."

सर माइकवरून बोलले. पनवेलचा एसी हॉल. छोट्या उद्योजकांनी परदेशात माल कसा पाठवायचा, याचं ट्रेनिंग. पिशवीत माझी जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची चटणी होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. कुणीतरी हसलं. मी पिशवी बाहेर ठेवली आणि दाराशी बसले.

उठून जायची सोय नव्हती. उरणकडची आमची खाडी भरावात गेली. नवऱ्याची होडी आता उलटी पडलेली असते. थोडा जवळा अजून मिळतो, तो वाळवून आम्ही पाच बायका चटणी करतो. तेवढंच उरलंय.

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात त्याच पुढच्या रांगेतल्या एका मॅडमनी माझ्याकडून वीस पाकिटं नेली. म्हणाल्या, "घरी सगळ्यांना आवडते हो." मला बरं वाटलं. मूर्ख मी.

मग सरांचा फोन आला. "ताई, दुबईचे खरेदीदार येतायत. नऊवारी नेसा, दागिने घाला." मला वाटलं, माल दाखवायची माझी पाळी आली.

हॉलमध्ये टेबलावर काचेच्या बाटल्या मांडलेल्या. आत माझी चटणी. वर मॅडमच्या नावाचं लेबल.

सर कानाशी म्हणाले, "तुम्ही फक्त हसत उभ्या राहा. फोटो छान येईल."

मी राहिले उभी. हसलेसुद्धा. त्याची लाज अजून जात नाही.

एका खरेदीदारानं हिंदीत विचारलं, जवळा किती दिवस वाळवता? मॅडम म्हणाल्या, मशीनमध्ये होतं सगळं. माझ्या पाठीची उन्हानं सालं निघाली होती. तोंडातून निघालंच.

"साब, ये चटणी मेरी है. इनका सिर्फ लेबल है."

सरांनी कोपर धरलं. "ताई, तमाशा करू नका."

"हात सोडा. मी फोटोला नाय आले. माल विकाया आले."

खरेदीदारानं मला विचारलं, खाण्याचा माल विकायचं लायसन्स? नव्हतं. माझ्या नावावर एकही कागद नव्हता. त्यानं मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. मॅडमची ऑर्डर हातची गेली. माझी तर नव्हतीच.

घरी नणंद म्हणाली, "गो वयनी, गप रायली असतीस त मॅडमच्या मालाचं काम तरी आमच्या हाताला रायलं असतं." तिचं खोटं नव्हतं. चुलीपुढे आम्ही पाचहीजणी बसलो. त्यातल्या दोघी आता कळंबोलीला घरकामाला जातात.

मी लायसन्सचा अर्ज भरलाय. एकदा परत आला. परत भरला. मालकाच्या रकान्यात आम्हा पाचहीजणींची नावं लिहिली. कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, एकच लिहा. मी म्हटलं, मग पाच अर्ज द्या.

चटणी परदेशी जाईल की नाही, ठाऊक नाही. पण आमचं नाव पुसून ती या गावाची वेससुद्धा ओलांडणार नाही.